वाक्यशुद्धीची तयारी: आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, ठोकळा पारखून घ्या, ॲपचे पैसे शेवटी भरा

स्पर्धा परीक्षेच्या मराठीत ‘शुद्ध वाक्य ओळखा’ या प्रकारावर गुण मिळवून देणारी सगळ्यांत चांगली वस्तू पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, विकत मिळत नाही. ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट पडून आहे: मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच. बाजारातले ठोकळे (म्हणजे जाडजूड मार्गदर्शक पुस्तके), प्रश्नसंच आणि मोबाइलवरच्या टेस्ट सिरीज यांनाही जागा आहे, पण दुय्यम, आणि पारखून घेतल्या तरच.

आधी परीक्षेचा हिशेब. गट-ब आणि गट-क सेवांच्या संयुक्त मुख्य परीक्षेत पहिला पेपर भाषांचा असतो. मराठीचे 50 आणि इंग्रजीचे 50 प्रश्न, एकूण 200 गुण, वेळ 1 तास. म्हणजे प्रश्नामागे 36 सेकंद, आणि उताऱ्यावरचे प्रश्न त्याहून जास्त वेळ खातात. ती भरपाई व्याकरणातून करावी लागते. वाक्यशुद्धीचा प्रश्न 20 सेकंदांत हातावेगळा झाला पाहिजे. चुकलेल्या उत्तरामागे 25 टक्के, म्हणजे 2 गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण वजा होतो. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उरलेल्या दोहोंतून एक निवडायला घाबरू नये: असे चार प्रश्न सोडवले आणि दोनच बरोबर आले तरी 4 गुण येतात, 1 जातो. त्यामुळे या प्रकारात बरोबर वाक्य ओळखण्यापेक्षा चुकीची वाक्ये का चुकीची आहेत हे सांगता येणे जास्त कामाचे. तलाठी भरतीसारख्या परीक्षांत (2023 मध्ये 100 पैकी 25 प्रश्न मराठीचे होते, नकारात्मक गुण नव्हते) हिशेब वेगळा पडतो, पण चूक हेरण्याची पद्धत तीच राहते.

आता वस्तूकडे. प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. दोन्ही उतरवून एकाच फोल्डरमध्ये परीक्षेच्या नावाने आणि वर्षाने ठेवा, नाहीतर महिन्याभरात घोळ होतो. प्रश्नपुस्तिकेचे ए, बी, सी, डी असे संच असतात आणि प्रत्येक संचात प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. हातात बी संच आणि तपासणी ए संचाच्या रकान्यावरून, असा प्रकार अभ्यासिकांत नेहमी घडतो. पन्नासपैकी बारा बरोबर आले की उमेदवार हादरतो आणि दोष व्याकरणाला देतो. पहिल्या पानावरचे संचाचे अक्षर आधी पाहा.

दुसरी काळजी त्याहून मोठी. आयोग आधी प्रथम उत्तरतालिका जाहीर करतो, तिच्यावर हरकती मागवतो आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका काढतो. दोन्ही तालिका संकेतस्थळावर असतात. अभ्यासासाठी फक्त अंतिम तालिका वापरायची, पण पहिली फेकून द्यायची नाही. दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या प्रश्नाचे उत्तर बदलले आणि कोणता प्रश्न रद्द झाला यावर खूण करा. मराठी व्याकरणात वाद नेमका कुठे आहे हे या खुणा दाखवतात. रद्द झालेला भाषेचा प्रश्न बहुधा दोन पर्याय बरोबर ठरत असल्यामुळे किंवा एकही बरोबर नसल्यामुळे रद्द होतो. तो सोडवण्याऐवजी त्याची चिरफाड करा.

वापरायचे कसे? पूर्ण पेपर सोडवत सुटू नका. सुरुवातीला चार-पाच पेपरांतून फक्त वाक्यशुद्धी, शब्दशुद्धी आणि लेखननियमांचे प्रश्न वेगळे काढा. वहीत चार रकाने: चुकीचा भाग, कोणता नियम मोडला, शुद्ध रूप, आणि चुकीचा प्रकार. प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांसाठी ओळ भरायची, फक्त उत्तरासाठी नाही. एका प्रश्नातून अशी किमान तीन चुकीची वाक्ये हाती येतात आणि खरा अभ्यास त्यांचाच असतो. अगदी अलीकडचे दोन पेपर मात्र कोरे ठेवा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात 50 प्रश्न, 30 मिनिटे, गजर लावून, या पद्धतीने ते सोडवायचे आहेत.

वही भरत गेली की चुकांचे ठरलेले कळप दिसू लागतात. त्यांतला सगळ्यांत मोठा कळप क्रियापदाचा आहे, म्हणून पर्याय वाचताना वाक्याच्या शेवटापासून सुरुवात करा. क्रियापद कोणाशी जुळते आहे? कर्त्याला प्रत्यय नसेल तर कर्त्याशी. कर्त्याला ‘ने’ लागला असेल आणि कर्म बिनप्रत्ययाचे असेल तर कर्माशी: सीतेने आंबा खाल्ला, सीतेने कैरी खाल्ली. दोघांनाही प्रत्यय असतील तर कोणाशीच नाही, मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: सीतेने मुलीला बोलावले. ‘पोलिसांनी चोर पकडला’ बरोबर, ‘पोलिसांनी चोराला पकडले’ हेही बरोबर, पण ‘पोलिसांनी चोराला पकडला’ चूक. परीक्षक नेमकी ही तिसरी जात पर्यायांत पेरतो, कारण बोलताना ती कानाला खटकत नाही. ‘शिक्षकांनी मुलींना घरी पाठवल्या’ हे वाक्य पाहा. ‘मुलींना’मधल्या ‘ना’वर बोट ठेवले की ‘पाठवले’ हवे हे लगेच कळते.

याला दोन फाटे आहेत आणि दोन्हींवर प्रश्न निघतात. पहिला ‘मी’ आणि ‘तू’चा. यांना ‘ने’ दिसत नाही, तरी ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राशीच जुळते. ‘मी पत्र लिहिलो’ चूक. सोलापूरकडे ‘मी काम केलो’ सर्रास बोलतात, बोली म्हणून त्यात काहीही वावगे नाही, परीक्षेला मात्र प्रमाण रूप हवे असते. दुसरा फाटा शिकणे, विसरणे, बोलणे यांसारख्या क्रियापदांचा. कर्म घेऊनही भूतकाळात यांचा कर्ता बिनप्रत्ययाचा राहतो: तो कविता विसरला, ती गणित शिकली. ‘त्याने कविता विसरली’ हा पर्याय वरचा नियम पाठ करून आलेल्या उमेदवाराला बरोबर वाटतो. सापळा त्याच्यासाठीच लावलेला असतो.

क्रियापदाच्याच कळपात वचनाच्या चुका येतात. ‘मला दोन वह्या पाहिजे’ नाही, ‘पाहिजेत’. ‘माझ्याकडे पैसे नाही’ नाही, ‘नाहीत’. ‘माझे वडील आला’ असे कोणी लिहीत नाही, पण ‘गुरुजींनी सांगितले आणि निघून गेला’ अशा जोडवाक्यात दुसऱ्या अर्ध्यातले आदरार्थी बहुवचन निसटते, आणि लांब पर्यायात ते दिसत नाही. ‘प्रत्येक मुलांनी’ ही तर जुनी ओळखीची चूक. ‘प्रत्येक’नंतर एकवचनच येते, ‘प्रत्येक मुलाने’.

मग प्रत्यय आणि अनुस्वार. एकवचनाला ‘ने’, अनेकवचनाला ‘नी’, आणि अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार. आदरार्थी बहुवचनालाही तोच. ‘सरांने’, ‘लोकांने’, ‘त्यानी’ (अनेकांबद्दल किंवा आदराने बोलताना), ‘मुख्यमंत्र्यानी’ ही चारही रूपे चूक: सरांनी, लोकांनी, त्यांनी, मुख्यमंत्र्यांनी. उलट जुन्या पद्धतीचे न उच्चारले जाणारे अनुस्वार आता चूक आहेत: नांव, गांव, पांच, कांही यांतला अनुस्वार गेला. शब्दयोगी अव्यय तोडलेले दिसले तर तो पर्याय तिथेच कटला. ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’ यांत अर्थ कळतो, पण लेखन चुकते. सामान्यरूप न करता प्रत्यय चिकटवणे ही शहरी चूक: ‘पुणेत’, ‘ठाणेला’. शुद्ध रूपे पुण्यात, ठाण्याला.

शब्दलेखनाच्या प्रश्नांत पाठांतर कमी आणि फोड जास्त उपयोगी पडते. चारही पर्यायांत वेलांट्या उलटसुलट केलेला एकच शब्द दिला असेल तर त्याची संधी सोडवा. ‘ईक्षा’ किंवा ‘ईक्षण’ आत दडलेले असेल तर दीर्घ: परि आणि ईक्षा मिळून परीक्षा, तसेच निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अधीक्षक. आत तसे काही नसेल तर परिणाम, परिस्थिती, प्रतिकूल ऱ्हस्व. कोटी आणि अधीश मिळून कोट्यधीश होतो, ‘कोट्याधीश’ नाही. उज्ज्वल मध्ये उत् आहे म्हणून दोन ज. प्रज्वलित मध्ये प्र आहे म्हणून एकच. महत्, तत्, सत्, व्यक्तिमत् यांना ‘त्व’ लागला की दोन त: महत्त्व, तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व. प्रभुत्व, नेतृत्व, अस्तित्व यांत मूळ शब्दाच्या शेवटी त् नाही, म्हणून एकच. सगळीकडे दोन त घालणारा उमेदवार जितका चुकतो तितकाच कुठेच न घालणारा. परंपरेपासून पारंपरिक, पहिल्या अक्षराला काना मिळतो, तिसऱ्याला नाही. सहस्र आणि स्रोत यांत त नाही. शृंगार मध्ये र वेगळा नाही, ऋकार आहे.

समासातला ऱ्हस्व हा सगळ्यांत कमी समजलेला भाग. मंत्री, प्राणी, पक्षी, विद्यार्थी, दृष्टी, शुद्धी सुटे लिहिताना दीर्घ, पण समासात पहिल्या जागी आले की ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, विद्यार्थिगृह, दृष्टिकोन. संस्कृतात मुळातच दीर्घ असलेले शब्द तसेच राहतात: नदीतीर, लक्ष्मीपुत्र. ‘दृष्टीकोण’ या एका शब्दात दोन चुका आहेत, वेलांटी आणि ण. भरतीच्या जाहिरातीतली चूक सुधारायला काढलेल्या कागदावर ‘शुद्धीपत्रक’ असे शीर्षक अनेकदा असते. शुद्ध रूप शुद्धिपत्रक. वाक्यशुद्धी मध्ये तोच शब्द शेवटी आहे म्हणून दीर्घ राहतो.

सामान्यरूपातला ऱ्हस्व वेगळा. गरीब, पण गरिबाला. पोलीस, पण पोलिसांना. फूल, पण फुलाला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम लागत नाही: शरीर आणि शरीराला, समूह आणि समूहाला. ‘पोलीसांनी’ हे रूप वर्तमानपत्रांत इतके दिसते की ते चुकीचे वाटेनासे होते. रोज वर्तमानपत्र वाचा, हा सल्ला चालू घडामोडींसाठी ठीक आहे, शुद्धलेखनासाठी तो अर्धाच पाळावा.

उरतात अर्थाच्या चुका, आणि त्या सोप्या असतात. शब्दक्रम: ‘शुद्ध गाईचे तूप’ मध्ये शुद्ध कोण, गाय की तूप? द्विरुक्ती: ‘कृपया उत्तर देण्याची कृपा करावी’, ‘परत पुन्हा’, ‘विंध्याचल पर्वत’, ‘श्रेष्ठतम’. जोडी मोडणे: ‘जरी पाऊस पडला तर’, जरीला तरी लागते, जरला तर. हिंदीची घडण: ‘माझी मदत करा’ ऐवजी ‘मला मदत करा’, ‘मी त्याच्याकडून विचारले’ ऐवजी ‘मी त्याला विचारले’. ‘राम रामाच्या घरी गेला’ सारखी वाक्ये क्वचित दिसतात, पण ‘त्याने त्याचे घर विकले’ वारंवार. स्वतःचे घर असेल तर ‘आपले’ हवे. एक इशारा: ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ हे वाक्य इंग्रजी वळणाचे वाटले तरी व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणी म्हणून मान्य आहे. ते ‘अशुद्ध’ म्हणून कापू नका.

एवढे सगळे आयोगाच्या प्रश्नपत्रिकांतून मिळते, मग एक तारा का कापला? कारण स्पष्टीकरण मिळत नाही. तालिकेत फक्त पर्यायाचा आकडा असतो. उत्तर का बदलले, प्रश्न का रद्द झाला, याचे कारण शेजारी नसते. नवख्या उमेदवाराला तीन चुकीच्या पर्यायांत नियम कोणता मोडला हे स्वतः शोधावे लागते, आणि तिथे ठोकळा लागतो.

ठोकळ्यांचा मोठा दोष एकच. वाक्यशुद्धीचे प्रकरण दोन रकान्यांचे असते, डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, पानेच्या पाने. कारणाचा तिसरा रकाना नाही. अशी यादी पाठ केली तर यादीतलेच वाक्य आले तरच गुण, आणि परीक्षक वाक्य बदलतो, चूक बदलत नाही. म्हणून विकत घेण्याआधी दुकानात उभ्याने पाच मिनिटांत चार गोष्टी तपासा. प्रस्तावना उघडा, तिथे ‘महत्व’ किंवा ‘पारंपारिक’ छापलेले असेल तर मुद्रितशोधन झालेले नाही, आतले शुद्ध रकानेही भरवशाचे नाहीत. मग वर्णमालेचे प्रकरण. पारंपरिक मोजणी 48 वर्णांची, आणि 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानंतरची ॲ, ऑ आणि क्ष, ज्ञ धरून 52 ची. दोन्ही सांगून फरक समजावला असेल तर लेखकाने आवृत्ती खरोखर सुधारली आहे, नुसते मुखपृष्ठावरचे वर्ष बदललेले नाही. तिसरी तपासणी लेखननियमांची. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 चे 4, असे 18 नियम उदाहरणांसह मूळ क्रमाने आहेत का? लेखकाने ते स्वतःच्या शब्दांत वितळवले असतील तर अपवाद गळतात, आणि प्रश्न अपवादांवरच असतात. आणि, नि, तथापि, परंतु हे शब्द अंती ऱ्हस्व का राहतात हे त्यात सापडले पाहिजे.

चौथी तपासणी सगळ्यांत निर्णायक. घरून निघताना आयोगाच्या एखाद्या अंतिम उत्तरतालिकेतला रद्द झालेला किंवा उत्तर बदललेला मराठीचा प्रश्न मोबाइलमध्ये घेऊन जा. ठोकळ्याच्या मागच्या प्रश्नसंचात तो शोधा. रद्द प्रश्नापुढे निमूटपणे एक उत्तर छापलेले असेल, किंवा प्रथम तालिकेतले जुने उत्तर तसेच असेल, तर पुस्तक परत ठेवा. बाकीच्या शेकडो उत्तरांचीही खात्री नाही.

चांगला ठोकळा वाद लपवत नाही. ‘राजा आणि राणी’ असे भिन्नलिंगी कर्ते आले तर क्रियापद ‘आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनी की ‘आले’ असे पुल्लिंगी, यावर दोन्ही बाजूंना आधार सापडतात. पुस्तकात दोन्ही दिले असतील आणि जुन्या पेपरात कोणते ग्राह्य धरले गेले तेही सांगितले असेल, तर किंमत थोडी जास्त असली तरी घ्या. एकच ठोकळा पुरे. तीन ठोकळ्यांतले तीन वेगळे नियम जुळवत बसणे हा अभ्यास नाही.

वर्षनिहाय प्रश्नसंचांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आयोगाचे साहित्यच छापून, बांधून विकलेले असते. स्पष्टीकरणे असतील तर उपयोग, नुसती उत्तरे असतील तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलेले बाड त्याहून बरे, कारण त्यात मूळ पानांची छपाई येते आणि टंकनाची नवी चूक शिरत नाही.

ॲपवरच्या टेस्ट सिरीजला पाचपैकी दोन तारे, आणि तेही घड्याळामुळे. वेळेचा सराव तिथे चांगला होतो, आपण कोणत्या प्रश्नाला किती सेकंद दिले हे दिसते. पण वाक्यशुद्धी हा प्रकार मोबाइलच्या पडद्यावर नीट उतरवणे कठीण असते, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. बरेचसे साहित्य आधी जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेले असते आणि नंतर युनिकोडमध्ये फिरवलेले असते. या फेरबदलात रफार सरकतो, जोडाक्षरे तुटतात, पाय मोडलेली अक्षरे पूर्ण होतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, पहिले गुरूंना, दुसरे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. फिरवाफिरवीत दोन्ही एकसारखे झाले की प्रश्नच मरतो. ‘वाङ्मय’चा पाय मोडण्याची खूण गेली की चारही पर्याय अशुद्ध. उमेदवार मात्र आपलेच चुकले असे समजून खोटा नियम पाठ करतो, आणि तो नंतर काढणे अवघड.

पैसे भरण्याआधी मोफत चाचणी सोडवा. तिच्यात ऱ्य असलेले दोन-चार शब्द नीट दिसतात का, चुकीच्या पर्यायांचेही स्पष्टीकरण आहे का, वजा गुण 25 टक्के लावता येतात का, आणि प्रश्नावर आक्षेप नोंदवल्यावर उत्तर येते का, एवढे पाहा. शेवटचे सगळ्यांत बोलके असते. ज्या सिरीजमध्ये ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ओळखा हे प्रश्न आलटून पालटून येतात ती जरा बरी. प्रत्यक्ष पेपरात घाईत हा एक ‘अ’ न वाचल्यामुळे गेलेले गुण व्याकरण न आल्यामुळे गेलेल्या गुणांपेक्षा जास्त टोचतात. प्रश्नातल्या त्या शब्दाखाली पेनाने रेघ मारायची सवय छापील पेपरावरच लागते.

मोबाइल किंवा संगणकावरच्या शुद्धलेखन तपासनीसाचा या कामात मर्यादित उपयोग. ‘महत्व’ खाली लाल रेघ येते, कारण तो शब्दसंग्रहात नाही. ‘प्रत्येक मुलांनी’, ‘चोराला पकडला’, ‘शुद्ध गाईचे तूप’ यांतला प्रत्येक शब्द सुटा शुद्ध आहे, त्यामुळे रेघ येत नाही.

टीसीएस किंवा आयबीपीएस या संस्थांमार्फत होणाऱ्या सरळसेवा परीक्षा देणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे संगणकावर परीक्षा होते आणि उमेदवाराला लॉगिनमधून आपली उत्तरे दिसतात. आयोगासारखी छापील प्रश्नपुस्तिका सर्वांसाठी मांडलेली नसते. म्हणून नियमांचा पाया आयोगाच्या पेपरांवर घाला आणि समानार्थी शब्द, म्हणी, वाक्प्रचार यांसाठी वेगळा वेळ काढा.

परीक्षा झाल्यावर प्रथम उत्तरतालिकेत एखादे उत्तर चुकीचे वाटले तर हरकत मुदतीत आणि पुराव्यासह नोंदवा. संचाचे अक्षर, त्या संचातला प्रश्नक्रमांक, तालिकेतले उत्तर, आपल्या मते योग्य उत्तर आणि आधाराचे पान, एवढे हाताशी ठेवा. आधार शालेय पाठ्यपुस्तकाचा, शासनमान्य लेखननियमांचा किंवा मान्यताप्राप्त व्याकरणाचा द्यावा. ठोकळ्याच्या पानाला त्यापुढे फारसे वजन नसते. पानाची प्रत काढताना पुस्तकाचे नाव, लेखक आणि आवृत्ती दिसणारे पहिले पानही जोडा. मुदत उलटून गेलेली हरकत कितीही बरोबर असली तरी विचारात घेतली जात नाही.